पाटावर न बसणारा चेन-पुलर

मी चेन-पुलर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. मोटारसायकलची चेन बदलताना कडीतली पिन ढकलून बाहेर काढायची, एवढंच माझं काम. मुठीत मावेल असा लोखंडी चौकोन, त्यात एक स्क्रू आणि स्क्रूच्या टोकाला बारीक दांडी. रूप म्हणाल तर यथातथाच, पण ज्याची चेन अडते त्याला माझ्याइतकं देखणं दुसरं कुणी दिसत नाही.

मी दुकानातून आलेलो नाही. शकील नावाच्या टर्नरनं मला कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, लेथवर घडवलं. त्याच कारखान्यात दिगंबर स्टोअरला कारकून होता. दोघांकडे मोटारसायकली, आणि दोघांनाही गाडी मेकॅनिकच्या हाती द्यायचा तिटकारा. मग शकीलनं दोघांत मिळून एकच पुलर केला. त्याची येरवड्यातली खोली लहान, म्हणून मी बिबवेवाडीला दिगंबरच्या घरी राहिलो.

रविवारी अंगणात गोणपाट अंथरलं जायचं. त्यावर पाने, पक्कड, रॉकेलची वाटी आणि मी. दिगंबरची बायको कुसुम चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "दोघांचं लग्न गाड्यांशीच लावायला हवं होतं." शकील हसायचा. "वहिनी, गाडी निदान उलट बोलत नाही."

हातोडाही गोणपाटावर असायचा, पण माझ्यापासून लांब. त्याच्याशी माझं कधी जमलं नाही. ठोकण्यापलीकडे त्याला काही येत नाही. शकील दिगंबरला दर वेळी बजावायचा, "चेनवर ठोकाठोक करायची नाही. पिन निघते, पण शेजारची पट्टी वाकते. आणि वाकलेली पट्टी रस्त्यात दगा देते." तेव्हा माझी छाती फुगायची.

दिगंबरचे वडील सुतार. रंध्याला चुकून पाय लागला तरी हात जोडणारे. ते गेले, पण त्यांची रीत दिगंबरनं सोडली नाही. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा आणि दसऱ्यापर्यंत कुणाला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विसावा द्यावा. मलाही तो दिवस आवडायचा, खोटं कशाला सांगू?

अशाच एका खंडेनवमीला, पूजा नुकतीच झाली होती आणि शकील दारात येऊन उभा राहिला. शर्ट घामानं भिजलेला, हातात पिशवी.

"अम्मीचं काही खरं नाही," तो म्हणाला. "रशीदानं निरोप पाठवलाय. लगेच निघ म्हणून."

त्याची आई, अख्तरबानू, शिरवळला त्याच्या बहिणीकडे, रशीदाकडे असायची. स्वारगेटला एसटीला लोंबकळायलाही जागा नव्हती. दिगंबरची गाडी नेमकी इंजिन उतरवून पडलेली. आणि शकीलच्या गाडीची जुनी चेन दात सोडायला लागली होती. तिच्यावर कात्रजचा घाट चढणं शक्य नव्हतं. नवी चेन त्याच्या पिशवीत होती, पण ती दोन कड्या लांब. मापाला तोडल्याशिवाय बसणार नव्हती. म्हणून तो माझ्यासाठी आला होता.

दिगंबर पाटाकडे वळला. त्यानं हात पुढे केला. माझ्या डोक्यावरच्या झेंडूपर्यंत त्याची बोटं आली, आणि थांबली.

क्षणभरच थांबली हो. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, तिकडे त्याची नजर गेली. एवढ्यात शकीलनं ते पाहिलं.

"राहू दे, दिगू. पूजेतलं आहे."

"उचला हो," कुसुम म्हणाली. "देव काय रागावतो की काय?"

"नको वहिनी. त्याच्या वडिलांची रीत मला ठाऊक नाही का? तुमच्या खलबत्त्यातला बत्ता द्या आणि एखादा जाड खिळा. होईल तेवढ्यावर."

मी पाटावरून ओरडत होतो, अरे, तूच घडवलंस ना मला, मग उचल की! पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

दाराच्या पायरीवर चेन ठेवली. दिगंबरनं ती धरली, शकीलनं खिळ्यावर बत्ता मारला. पिन निघाली. शेजारची पट्टी वाकली. दोघांनीही ती पाहिली. शकील एवढंच पुटपुटला, "घाट तेवढा चढू दे."

घाटातच चेन तुटली. शकील किती तरी वेळ गाडी ढकलत होता. शेवटी एका ट्रकवाल्यानं त्याला घेतलं. तो शिरवळला पोचला तेव्हा अम्मीच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

बऱ्याच दिवसांनी तो आला. कुसुमनं दिलेला चहा त्यानं घेतला. दिगंबरला दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही. जाताना चपला घालताघालता म्हणाला, "रशीदा सांगत होती, अम्मी सारखी विचारत होती, गाडीचा आवाज आला का म्हणून."

पुढे त्यानं बाजारातून स्वतःचा पुलर घेतला. रविवारचं गोणपाट मग कधी अंथरलं गेलं नाही. शकीलनं शिव्या दिल्या असत्या तर दिगंबरला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

पुढच्या खंडेनवमीला दिगंबरनं सगळी हत्यारं पाटावर मांडली. मला मात्र पुसून, तेल लावून दाराजवळच्या खिडकीत ठेवलं. कुसुमनं विचारलं, "याला का वगळलं?"

"तो बाहेरच राहू दे. कुणाला लागला तर."

तेव्हापासून दर वर्षी हेच. दिगंबर आता म्हातारा झाला, गाडी कधीच विकली. मला झेंडू मिळत नाही, त्याचं दुःखही नाही. त्या दिवशी गल्लीत मोटारसायकल वाजली की तो खुर्चीतून अर्धा उठतो. गाडी पुढे निघून जाते. मग तो बसतो.

तुमचं कधी येरवड्याकडे जाणं झालं, तर शकील टर्नरचं घर विचारा. तो भेटला तर त्याला एवढंच सांगा, मी आता पाटावर नसतो. दारात असतो.