कणकेचं काळीज

ब्राह्मीनं कणकेच्या गोळ्यावर सुरी टेकवली, तोच तिच्या आईनं, चंपाबाईंनी, मागून मनगट धरलं.

"अगं, काय चाललंय हे? कणकेचं काळीज?"

"परीक्षेसाठी, आई. आतलं बघायचं तर कापायला नको?"

पुण्याला डॉक्टरी शिकणारी ब्राह्मी शरीररचनेत नापास होऊन निपाणीला आली होती. हृदयातल्या दोन झडपांना जोडणारा चिवट, पांढरा पट्टा दाखवा म्हटल्यावर ती अडखळली आणि भलतीकडंच बोट ठेवून बसली. आता पुन्हा परीक्षा. याही खेपेला हुकली तर वडील शिक्षण बंद करून लग्न लावून देणार, हे ठरलेलं. बरं, बकऱ्याचं हृदय जैनाच्या घरात कुठून येणार! म्हणून पोरीनं कणीक मळली आणि पट्टा म्हणून आत वडिलांच्या जुन्या धोतराची चिंधी घातली.

"गोष्टीतल्या राजानं पिठाचा कोंबडा मारला तरी त्याला हत्या लागली, महाराज प्रवचनात सांगत न्हाईत व्हय?" चंपाबाई म्हणाल्या. "जीव समजून कापलंस की लागलं पाप."

"जीव कुठला? हे कुणाचंच न्हाय."

"मग शिकणार काय, माती?"

एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. पाटावर टेकल्या. मागं सांधेतापानं अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हापासून बस्तीच्या, जैन देवळाच्या, पायऱ्या चढतानाही थांबावं लागे. ब्राह्मीनं आल्या आल्या छातीला तपासायची नळी लावली होती आणि "अशक्तपणा हाय, दुसरं काय न्हाय" असं सांगून टाकलं होतं.

"माझं समज," त्या म्हणाल्या. "माझं मी देते. मग तुला कसलं पाप?"

आता ब्राह्मीलाच सुरी चालवेना. चंपाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून दाबला. गोळ्याच्या दोन फाका झाल्या, मधे चिंधी दिसली.

"हं, दाखव. माझं कुठं बिघडलंय?"

ब्राह्मीनं सुरी खाली ठेवली.

"तुला कुणी सांगितलं?"

"नळी लावलीस, नि नंतर माझ्याकडं बघितलंच न्हाईस."

ब्राह्मीनं चिंधीवर बोट ठेवलं. दोन्ही झडपा या पट्ट्याला धरून असतात. सांधेतापानं त्यातली एक जाड होते, पुरती उघडत नाही. मागं रक्त तुंबतं, म्हणून दम लागतो. सगळं तिनं न अडखळता सांगितलं.

"पास होतीस बघ," चंपाबाई खुशीत म्हणाल्या. "आणि बरं कसं करत्यात ते?"

"कापून," म्हणत ब्राह्मीनं चिंधी हळूच काढून घेतली, दोन्ही फाका एकावर एक ठेवल्या आणि पुन्हा मळायला लागली.