खालून आलेलं पाणी

नाथाजी तात्याला गाळ दिसला की त्याचा हात आपोआप फावड्याकडं जायचा. आम्हा उंब्रजकरांची सगळ्यांचीच ही खोड. नदीचा पूर ओसरला की गाळ कुणाच्या रानात किती जायचा, यावरून आमच्याकडं सख्खे भाऊ वर्षवर्ष बोलत नाहीत. त्यामुळं त्र्याहत्तरच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या सकाळी, कुंभार्ली घाट उतरून माझा ट्रक खाडीकाठच्या त्या वाडीत थांबला आणि समोर नजर पोचेल तिथवर काळाभोर गाळ उघडा पडलेला दिसला, तेव्हा तात्याचे डोळे चमकले ते मी बघितलं.

आम्ही गाळासाठी आलो नव्हतो. तात्याची धाकटी बहीण बनुबाई या वाडीत दिली होती. पावसाळ्यात तिचा नवरा तापानं गेला. मूलबाळ नाही, सासूसासरे आधीच गेलेले. तात्यानं ठरवून टाकलं की बहिणीला कायमची उंब्रजला आणायची. तिला विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तात्याच्या बायकोनं, अंबूवहिनींनी, तिच्यासाठी खोली सारवून, चुना लावून ठेवली होती. मला गुळाचं भाडं चिपळूणला होतंच. गूळ उतरवायचा आणि रिकाम्या गाडीतून बनुबाईला आणायचं, असं ठरलं.

तात्यानं चहाही घेतला नाही. तिची पत्र्याची ट्रंक उचलून ट्रकमध्ये टाकली आणि म्हणाला, "चल."

बनुबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. "दादा, मी न्हाई यायची. माझं हितं शेत हाय."

"कुठं?"

तिनं खाडीकडं बोट केलं. तात्या असा हसला की मलाच वाईट वाटलं. "चिखलाला शेत म्हणतीस व्हय गं? भावाच्या घरात तुला दोन भाकरी जड न्हाईत."

"त्या चिखलावरच मी जगते," ती म्हणाली. "शिंपल्यातले मुळे काढते, चिंबोऱ्या, खेकडे धरते, बाजारात इकते. माशांची पिल्लं त्यातच वाढत्यात. सगळी वाडी त्याच्यावर खाती."

तात्याचं लक्षच नव्हतं. तो गाळाकडं बघत होता. "आकाराम, गाडी रिकामी न्हेण्यापेक्षा गाळ भरू. माझ्या हळदीला सोनं हाय ह्ये."

आता मात्र बनुबाई उंबरा उतरून खाली आली. "फावडं लावू नगंस दादा. खारं हाय ते, हळद जळून जाईल तुझी. आन् हितं कुणीच गाळ उकरत न्हाई. तिथं खड्डा पडला की पाणी तिथनंच आत घुसतं, बांध फुटतो, भातखाचरं खारी हुत्यात. त्यात आज उधाण हाय. अवसंला लागून पाणी जेवढं लांब जातं तेवढंच वर येतं."

"अगं, ह्ये पाणी कुणाचं? आमच्या कोयनेचं. धरणातनं डोंगराच्या पोटातनं हितं येतं. यायचं असंल तर वरनंच येईल. आन् पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो. ह्यो नाथाजी काय आज पाणी बघतोय?"

खरं सांगतो, मलाही ते पटलं. आम्ही नदीची माणसं. पाणी वरून खाली येतं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. बनुबाईचे डोळे भरले. ती घरात निघून गेली. तात्यानं ट्रकमधलं फावडं घेतलं, मी पाटी घेतली आणि आम्ही चिखलात उतरलो.

काठाजवळचा चिखल शिंपल्यांनी टणक होता. पण तात्याला बारीक, मऊ गाळ हवा होता. तो पुढं पुढं जात राहिला. मी पहिली पाटी डोक्यावर घेऊन काठाकडं वळलो. चालताना पायाखाली बघितलं तर चिखल जागा होता. बोटभर खेकडे बिळात पळत होते, भोकाभोकांतून बुडबुडे येत होते आणि लांब चोचींचे पक्षी थव्यानं टोचून टोचून खात होते. आमच्या काळ्या रानात इतकी वळवळ मी कधी बघितली नाही. मग ते पक्षी एकदम उठले आणि काठाकडं आले.

मागून हाक आली. "आकाराम!"

तात्या मांड्यांपर्यंत रुतला होता. फावड्यावर जोर देऊन एक पाय उपसायला गेला की दुसरा आणखी खाली जायचा. मी दोन पावलं पुढं टाकली, तर माझाही गुडघा गेला. कसाबसा मागं फिरलो.

"आवं तात्या, हलू नका!"

"भोंगा कुठं वाजलाय? टाइम हाय," तो ओरडला आणि मान वळवून डोंगराकडं बघत राहिला. मीही बघितलं. डोंगराकडून काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात नारळाच्या सालीचं एक सोडण तरंगत माझ्या समोरून गेलं. सावकाश, वळण घेत, डोंगराच्या दिशेनं चाललं होतं. पाणी समुद्राकडून येत होतं. आवाज नाही, लाट नाही. तात्याच्या पाठीमागं चिखलाच्या चरांतून ते भरत येत होतं आणि तात्या अजून डोंगराकडंच बघत होता.

"बनुबाई!" मी बोंब ठोकली. "बनुबाई, धावा!"

ती धावतच आली. पदर खोचलेला, काखेत लांब गुळगुळीत फळी. कमरेएवढं पाणी येईस्तोवर तिला हाक मारायला लाजलो असतो तर तात्या गेलाच होता. "तुमच्या गाडीचा दोर आणा, एक टोक झाडाला बांधा," एवढंच बोलून ती फळीवर पोटावर पडली आणि हातांनी चिखल मागं लोटत सरकत निघाली. मी दोर आणला, तिवराच्या बुंध्याला बांधला आणि दुसरं टोक तिच्याकडं फेकलं.

ती पोचली तेव्हा पाणी तात्याच्या मांड्यांना लागलं होतं.

"दादा, आडवा हो. चिखलावर झोप."

"वढ मला."

"वढून निघत न्हाई. झोप म्हणते ना!"

तात्या ऐकेना. सदुसष्टच्या भूकंपात सगळं गाव रस्त्यावर पळालं तेव्हा हा माणूस आधी गोठ्यात बैल सोडायला गेला होता. धाकट्या बहिणीसमोर चिखलात लोळणं त्याला मरणाहून अवघड वाटत असावं. "मी उभा हाय तोच बरा," तो म्हणाला.

"उभा राह्यलास तर उभाच जाशील!" बनुबाई किंचाळली. "आईची आण हाय तुला. झोप!"

तात्यानं डोळे मिटले आणि फळीवर अंग टाकलं. तोंड चिखलात गेलं. बनुबाईनं दोर त्याच्या काखेतून घातला आणि पाण्यात हात घालून त्याच्या पायाभोवतीचा चिखल मोकळा करू लागली. "पाय हालीव. हळूच. पाणी आत शिरू दे." मी दोर ताणून धरला. पाणी फळीवर चढलं. तात्या खोकायला लागला. मी देवाचं नाव घेतलं, पण कुठल्या देवाचं ते आठवत नाही. मग एक पाय सुटला आणि थोड्या वेळानं दुसराही सुटला. मी जीव खाऊन ओढलं.

फावडं तिथंच राहिलं. आम्ही काठावर बसलो तेव्हा आम्ही चाललेल्या सगळ्या वाटेवर पाणी होतं आणि त्यावर बारक्या माशांची झुंबड उडाली होती. चिखलाच्या तोंडानं तात्या रडला, लपवलंही नाही.

मग म्हणाला, "बने, ताट आण. ओवाळ मला."

"मी रांडव बाई, दादा. मी कशी ओवाळू?"

"जीव कुणी दिला मला? आण ताट."

तिनं ओवाळलं. तात्या तसाच चिखलानं भरलेला पाटावर बसला होता. ओवाळून झाल्यावर तो उठला, ट्रकवर चढला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि घरात नेऊन जिथं होती तिथं ठेवली. माझ्या पाटीतला गाळही त्यानं पाण्याच्या कडेला नेऊन ओतला.

घाट चढून कोयनानगर गेलं, पाटण गेलं. उंब्रजला अंबूवहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या ट्रकमध्ये वाकून बघितलं.

"आवं, बनुबाई कुठं हायती?"

तात्यानं पायातल्या वहाणा काढल्या. घोट्याला अजून काळा चिखल होता. म्हणाला, "तिचं शेत हाय तिथं. उभं पीक टाकून कोण येतं का माहेरी?"