कानवालीचं पान

मावशीने लाकडी दांडी वाटाण्याच्या हवाबंद डब्याच्या झाकणावर आपटली आणि फोटोवाल्याकडे पाहिलं.

"हसा ना, उद्याच्या समारंभात लावायचाय हा फोटो," धाकट्या मालकीणबाई म्हणाल्या. "कंपनीच्या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासात अख्खं पान आहे तुमचं. 'कानवाली मावशी'!"

इतिहास केबिनमध्ये बसून लिहितात. डबे बायका ठोकतात. घट्ट झाकण खणखणतं, सैल झाकण बद्द वाजतं. एवढ्या फरकावर मावशीने एकतीस वर्षं काढली होती.

मावशीने बाईंच्या हातातल्या पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. खराब वाटाणे, इस्पितळात गेलेली चौदा माणसं. खाली एक ओळ: 'मशीनवाल्याने तपासणी टाळून माल परस्पर गाडीत चढवला. त्याला काढून टाकण्यात आले.'

"ही ओळ काढा."

"का? माल तुमच्या टेबलावर आलाच नाही, असं चौकशीत तुम्हीच सांगितलं होतंत."

मावशीने दोन डबे पुढे सरकवले, एक चांगला, एक नाकारलेल्या ढिगातला. मग दांडी बाईंना देऊन पाठ फिरवून उभी राहिली.

"पुढेमागे करा आणि ठोका."

बाईंनी ठोकले.

"दुसरा गेलाय," फोटोवाला हसला. "बहिऱ्यालाही कळेल!"

"मला दोन्ही सारखेच."

"आता वय झालं, मावशी," बाई म्हणाल्या.

"तेव्हा चाळिशीची होते. बोलणं ऐकू यायचं, झाकणातला फरक तेवढा मशीनांच्या गोंगाटाने खाल्ला होता. माल आला होता. मी ठोकला, मीच पास केला. नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले. पुढची सगळी वर्षं झाकण अंगठ्याने दाबून बघायची. दांडी नुसती दाखवायला."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"पुस्तकं छापून आलीत," बाई हळूच म्हणाल्या. "आणि तो माणूसही आता नाही."

"त्याची लेक लेबलं लावते. उद्या प्रत्येकाला एकेक प्रत देणार ना? तिलाही?"

बाई पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिल्या. मावशीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, दांडी उचलली आणि ती निघाली.

लेबल विभागात मशीनवाल्याच्या लेकीने खळीचे हात फडक्याला पुसले, स्टूल पुढे ओढलं.

"या, हिरॉइन! झाला का फोटो? बसा."

मावशी उभीच राहिली. दांडी अजून हातातच होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि पुस्तक उघडलं. स्वतःचं पान मागे टाकून पुढचं काढलं.