चौथं खोकं

मी लिस्ट बोलतेय. कागदावरची नव्हे, प्रोग्राममधली. रुग्णालयात औषधं मिळतात त्या खिडकीमागच्या कम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. कपाटातल्या प्रत्येक खोक्याची नोंद माझ्यात एकापाठोपाठ एक उभी असते. रोज सकाळी मुदत संपलेली खोकी माझ्यातून वगळायची आणि उरलेली औषधं रुग्णांना द्यायची, असा इथला नेम.

मला घडवणाऱ्या प्रोग्रामरला सगळे उस्ताद म्हणत; ती सवय त्यानेच लावली होती. प्रोग्रामिंगच्या भाषेने आम्हा भावंडांचा अख्खा संच त्याला फुकट दिला होता. माझा भाऊ सेट एकच वस्तू दोनदा ठेवून घेत नाही. बहीण मॅप नाव सांगताच नेमकी वस्तू हातात देते. उस्तादने दोघांचं तोंडही पाहिलं नाही. जे असेल ते माझ्या गळ्यात! आमची ओळख करून देणारी वीस पानं त्याच्याकडे होती. "मला वाचावं लागत नाही," तो म्हणे.

माझी एक खोड आहे. मधली नोंद काढली की मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात. उस्तादची मोजणी मात्र तोवर पुढच्या घरात पोचलेली. रिकाम्या जागी नवीन कोण येऊन बसलं, हे तो बघतच नसे. दोन जुनी खोकी शेजारी आली की दुसरं सहीसलामत सुटायचं.

हे औषधं देणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी फोन केला.

"अहो, मुदत संपलेलं खोकं यादीत दिसतंय."

"मशीन बंद करून चालू करा," उस्ताद म्हणाला. मग त्याने सकाळची फेरी दोनदा मारायची सोय केली आणि तिला 'दुहेरी सुरक्षा' असं भारदस्त नाव दिलं. हसावं की रडावं, मला कळेना.

पुढे डोळ्यांच्या थेंबांच्या ओळीतल्या चार खोक्यांची मुदत एकदम संपली. पहिल्या फेरीत पहिलं आणि तिसरं गेलं, दुसऱ्या फेरीत दुसरं. चौथं राहिलं. त्यातली बाटली एका आजोबांना मिळाली. घरी नातीने वेळेत तारीख वाचली म्हणून बरं! पण ठपका आला बाईंवर. "कम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो," उस्तादने ठणकावलं आणि बाईंची अकरा वर्षांची नोकरी टांगणीला लागली. मला सगळं माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

चौकशीच्या दिवशी बाईंनी मुख्य डॉक्टर मॅडमच्या टेबलावर चार रिकामी खोकी ओळीने मांडली आणि उस्तादला म्हणाल्या,

"पडद्यावर एक नोंद गेली की खालच्या वर सरकतात, मी रोज बघते. तुम्ही काढा, मी सरकवते."

उस्तादने पहिलं उचललं. बाईंनी बाकीची सरकवली. त्याचं बोट सवयीने दुसऱ्या जागेवर गेलं, तर तिथे तिसरं खोकं! त्याचा चेहरा उतरला. त्याने ती वीस पानं उघडली.

"यावर उपाय आहे?" मॅडमनी विचारलं.

"आहे. एका ओळीचा. भाषेत तयारच आहे."

"मग वापरला का नाही?"

"मी हे पान वाचलं नव्हतं. चूक माझी आहे, बाईंची नाही."

बाई वाचल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू! प्रोग्रामर मंडळींनो, आम्हाला हवं तेवढं राबवा, पण आधी आमचे स्वभाव जाणून घ्या. आळस तुम्ही करता आणि बोलणी खिडकीतल्या माणसाला खावी लागतात.

आता मी अगदी बिनचूक चालते. तरी बाई चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक बाटली डोळ्यांजवळ धरतात आणि तारीख स्वतः वाचतात. मला वाईट वाटतं, पण त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की माझ्यावर विश्वास ठेवा?