ब्रेडपाशी ठेवलेला चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. तुमच्या घरी गरम पातेले उतरवणारी सांडशी असते ना, ती माझी लांबची बहीण. पण मी वाढपाचा चिमटा. एका मोठ्या रिसॉर्टच्या न्याहारीच्या हॉलमध्ये, ब्रेडच्या टोपलीशेजारी, एका पांढऱ्या बशीत मी पडून असतो. लोक मला उचलतात, ब्रेडचे तुकडे ताटलीत घेतात आणि मला खाली ठेवतात. मित्रांनो, माझी सगळी विद्या एवढीच: धरायचे आणि सोडायचे. त्यामुळे मला फारसा राग येत नाही आणि फारसा लोभही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलच्या पत्र्यातून एक लांब पट्टी कापली, मधोमध वाकवली आणि दोन्ही टोकांना दाते पाडले. वाकताना दुखले का, ते आता आठवत नाही. एवढे खरे की सरळ पट्टी होतो तोवर मी कोणाच्याच कामाचा नव्हतो.

सुरुवातीची वर्षे मी संध्याकाळच्या चहाला केक वाढायचो. तेव्हाचा मोठा आचारी मला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. "हा केक उचलतो आणि क्रीमला कळतसुद्धा नाही," असे तो चारचौघांत सांगायचा. मग सोनेरी मुठीचे नवे चिमटे आले आणि केक त्यांच्याकडे गेला. त्याच सुमारास एका पाहुण्याने माझ्या टोकाने जॅमच्या बाटलीचे झाकण उचकटले. झाकण निघाले, पण माझी दोन तोंडे तेव्हापासून नीट जुळत नाहीत. पुढे बराच काळ मी एका खणात होतो. शेजारी बुडाला गळणारा थर्मास आणि दांडा तुटलेला डाव. पुढे न्याहारीचे मेज वाढवले आणि चिमटे कमी पडले, म्हणून मला बाहेर काढून ब्रेडपाशी ठेवले.

आता हे मेज कसे असते ते सांगतो. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पदार्थ मांडलेले असतात. ब्रेड, उकडलेली अंडी, भाजलेले बटाटे, मासे, कापलेली फळे. ज्याला जे हवे ते त्याने स्वतः घ्यायचे. प्रत्येक पदार्थाला त्याचा चिमटा किंवा चमचा ठरलेला असतो. पण आम्ही ठेवल्या जागी राहत नाही. लोक गप्पांच्या नादात आम्हाला हातात घेऊन पुढे चालू लागतात. अंड्याचा चिमटा अननसात जातो, अननसाचा बटाट्यांत. मी तर बऱ्याचदा माशांच्या तबकात सापडतो. कोणाचे काही बिघडत नाही, असे मलाही वाटायचे.

एका सकाळी एक म्हातारे शिंपी आपल्या मुलीबरोबर आणि नातीबरोबर हॉलमध्ये आले. नातीच्या हातात तिची आणि त्यांची अशा दोन ताटल्या होत्या. म्हाताऱ्यांचे हात पाठीमागे.

"आजोबा, तुमची ताटली धरा ना."

"आधी बघू दे. कापड न बघता माप घेतात का?"

ते मेजाच्या कडेने सावकाश चालू लागले. अंड्यांपाशी हॉलच्या बाई उभ्या होत्या. सगळी मांडणी, भरणी आणि पाहुण्यांची कुरकुर त्यांच्याच खात्यात.

"ही कधी उकडलीत?" म्हाताऱ्यांनी विचारले.

"आजच, काका."

"आज म्हणजे उजाडायच्या आधी की नंतर?"

बाई हसल्या. म्हातारे हसले नाहीत. फळांपाशी ते वाकले. "कलिंगडाचं पाणी अननसात शिरलंय."

"बाबा, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं," मुलगी म्हणाली.

"पोटात गेल्यावर मला दिसत नाही."

मग ते माझ्यापाशी आले. ब्रेडकडे त्यांनी बराच वेळ बघितले. "हे बरं आहे. काठ सरळ कापलेत," ते म्हणाले. मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. त्यांनी नातीकडून ताटली घेतली आणि माझ्याकडे हात नेला.

एवढ्यात मागून एक टोपीवाला पाहुणा आला. कानाला फोन. "एक मिनिट हं काका," म्हणत त्याने मला उचलले, दोन तुकडे घेतले आणि बोलत बोलत मला घेऊन पुढे गेला. माशांपाशी थांबला. माझ्यानेच एक मासा उचलला, बरा वाटला नाही म्हणून सोडला, दुसरा उचलला. परत येऊन त्याने मला ब्रेडवरच टाकले आणि निघून गेला.

म्हाताऱ्यांनी मला नाकाजवळ नेले.

"मासा," ते म्हणाले. मला बशीत ठेवले. ताटली नातीच्या हातात परत दिली. "झालं. दुपारच्या गाडीनं निघू. आपलं तसं ठरलंच होतं."

"मी दुसरा चिमटा मागते, बाबा."

"दुसरा काय नि तिसरा काय! कापडाच्या कात्रीनं एकदा कागद कापला की ती कात्री गेली. माझ्या दुकानात तुझ्या आईचीसुद्धा हिंमत नव्हती."

"माहीत आहे. आईनं एकदा पतंगाचा कागद कापला होता. दोन दिवस घरात कोणी बोललं नाही."

ब्रेडच्या टोपलीला लागूनच एक टेबल होते. मुलगी तिथे बसली. आवाज न चढवता ती म्हणाली, "आई गेल्यापासून मी कुठे गेले नाही. तुम्ही माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही म्हणून. दवाखान्यातल्या नोकरीवरून दुपारी धावत घरी येते, तुम्हाला वाढते, परत पळते. मी तक्रार केली का कधी? एक आठवडा मागितला होता. जमलं तर राहू, नाही तर परत, हे तुम्हीच म्हणालात. ठीक आहे. परत जाऊ."

"आईनं पोहायचे कपडे आणलेत," नात मध्येच म्हणाली. "लहानपणी ती शाळेत सगळ्यांत पुढे पोहायची."

"तू दूध पी," तिची आई म्हणाली.

म्हातारे खिडकीकडे बघत राहिले. खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसत होता. पाण्यात अजून कोणी उतरले नव्हते.

हॉलच्या बाईंच्या कानांवर हे गेले. त्यांनी आत जाऊन आताच्या आचाऱ्याला सांगितले की बाहेर एक काका आहेत, काही खात नाहीत. आचारी उत्साही माणूस. थोड्याच वेळात तो स्वतः एक ताटली घेऊन आला. जाडजूड ऑम्लेट, त्याच्या पोटात बटाटे, टोमॅटो, चीज, मशरूम, आणि वर सॉसने काढलेले हसरे तोंड.

"खास तुमच्यासाठी, काका. सगळं एकातच घातलंय, म्हणजे निवडत बसायला नको!"

नातीला इतके हसू आले की दूध नाकात गेले. म्हातारे मात्र उठून उभे राहिले आणि आदराने म्हणाले, "तुमची मेहनत दिसते हो. पण हे म्हणजे एकाच कापडात शर्ट, पायजमा आणि उशीचा अभ्रा."

आचारी ताटली घेऊन परत गेला. त्याला वाईट वाटले का, ते मला कळले नाही. पाठीवरून कळत नाही.

हॉलच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, आता तुम्हीच सांगा. तुम्हाला चालेल तरी काय?"

म्हाताऱ्यांनी विचार केला. "कोणाचा हात लागायच्या आधीचं काही असेल, तर बघू."

"मग उद्यापासून दार उघडायच्या आधी या. मांडणी झाली की मी जरा वेळ दार लावूनच घेते. तेव्हा सगळं कोरं असतं. पहिला चिमटा तुम्ही धरा."

"आणि आज?" मुलीने विचारले.

 बाईंनी मला उचलले, आत नेऊन साबणाने घासले आणि कढत पाण्याखाली धरले. एक न कापलेला ब्रेड फळीवर घेतला, एका वाटीत सालासकट अंडे, आणि सगळे म्हाताऱ्यांसमोर आणून ठेवले. "हा ब्रेड, ही सुरी, हा चिमटा. मी काही वाढत नाही. तुम्हीच घ्या."

म्हाताऱ्यांनी मला पुन्हा नाकाजवळ नेले. मग डोळ्यांजवळ. "याची तोंडं जुळत नाहीत," ते म्हणाले. अंगठ्याने दाबून बघितले, जरासे वाकवून बघितले. काही फरक पडला नाही. "राहू दे. माझ्या कवळीचंही तेच आहे."

त्यांनी सरळ रेषेत एक तुकडा कापला. हाताने सहज उचलता आला असता, पण माझ्यानेच उचलून ताटलीत ठेवला. काठापर्यंत लोणी लावले. अंडे स्वतः सोलले, ब्रेडला लागणार नाही असे ठेवले आणि खाऊ लागले. मुलगी तेवढा वेळ कॉफीच्या कपात बघत होती. आपण बघितले तर ते थांबतील, अशी तिला भीती असावी. नात बघत होती, पण तिच्या तोंडात पाव होता, त्यामुळे ती गप्प राहिली.

खाऊन झाल्यावर ते मला बशीत ठेवायला आले आणि तिथेच रेंगाळले. एका पाहुण्या बाईंनी मला उचलले आणि त्या अंड्यांकडे निघाल्या.

"तो ब्रेडचा आहे हो. अंड्याचा तिकडे आहे."

"अगं बाई, खरंच की," म्हणून त्यांनी मला परत ठेवले.

म्हाताऱ्यांनी एक खुर्ची ओढली आणि टोपलीशेजारी बसले.

"आजोबा, लोक तुम्हाला हॉटेलचे समजतील."

"समजू देत. दुकानात तरी मी वेगळं काय करत होतो?"

मुलगी जवळ आली. "बाबा, गाडीचं काय करू?"

"कसली गाडी?" त्यांची नजर रांगेवर होती. "इथे कोणाचं लक्ष आहे का बघ. मी गेलो तर हा दुपारपर्यंत मासे पकडत फिरेल."

 तिने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, खोलीची किल्ली घेतली आणि कपडे बदलायला गेली. परत आली तेव्हा खांद्यावर टॉवेल होता. हॉलमधून ती हळू चालत गेली. तलावाकडचे दार ओलांडल्यावर धावत सुटली.

आठवडाभर म्हातारे दार उघडायच्या आधी येत राहिले. पहिला तुकडा माझ्याने घेत आणि मग खुर्चीत बसत. एकदा एका आईने त्यांना विचारले, "आमचा मुलगा खाण्यापिण्यात फार चोखंदळ आहे. त्याला इथली न्याहारी चालेल का?" ते म्हणाले, "लवकर आणा आणि त्याचं त्याला घेऊ द्या. तुम्ही फक्त वाढू नका."

मग ते गेले. खुर्ची जागेवर गेली आणि त्याच दिवशी मी पुन्हा माशांत सापडलो. मित्रांनो, मला वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. तुमच्याकडे एवढेच मागतो. मला उचलाल तेव्हा कितीही घाई असली, तरी परत ब्रेडपाशी ठेवा. रांगेत तुमच्या मागे कोणीतरी उभे असते, आणि त्याच्या एका घासावर आणखी कोणाचा तरी आठवडा अवलंबून असतो.