अवेळी काढलेलं घर

राजश्रीच्या फ्लॅटमध्ये वर्षातून दोनदा घर निघायचं. एकदा घट बसायच्या आधी आणि एकदा होळी झाल्यावर. घर काढायचं म्हणजे रोजचा केर आणि फरशी नव्हे. माळ्यावरची पातेली खाली यायची, गाद्या गच्चीवर जायच्या, डबे पालथे पडायचे, पंख्याची पाती पुसली जायची, आणि सासूबाई विमलताई खुर्चीवर बसून कुठला कोपरा राहिला ते बोटानं दाखवायच्या. अख्ख्या अपार्टमेंटमध्ये असं दोनदा घर काढणारे आपणच, याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर राजश्रीलाही होता.

पण ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी होळीनंतरचं घर कोरड्या फडक्यावरच निघालं. नळ कधीचे आटले होते. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि तो आला की तिसऱ्या मजल्यावरून बादल्या घेऊन पळापळ व्हायची. विमलताईच म्हणाल्या, "राहू दे. पाणी नाही हे देवालाही दिसतंय."

त्या वर्षी त्यांच्याकडे लुंबिनी राहत होती. राजश्रीची मुलगी मृण्मयी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, आणि लातुरात तर दर गल्लीत क्लास निघाला होता. नांदेड, बीड, परभणीकडून पोरंपोरी डॉक्टर व्हायला इथं यायची आणि मिळेल त्या खोलीत राहायची. राजश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिथल्या एका सरांनी आपल्या ओळखीतल्या या मुलीचं नाव सुचवलं. वडील लिंबाजी अर्धापूरला पोस्टात, आई पारूबाई अंगणवाडी सेविका. मुलीला हॉस्टेल नको, घर हवं होतं.

मुलीचं नाव ऐकल्यावर विमलताई म्हणाल्या, "लुंबिनी म्हणजे ते लोक ना?"

"आई, आता असं कोणी बघत नाही," राजश्री म्हणाली. हे वाक्य तिला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी शाळेतही तिनं ते दोघीतिघींना सांगितलं.

लुंबिनी गुणी होती. पहाटे उठायची, जेवणाचा डबा मेसचा, पाण्याची बाटली राजश्री भरून द्यायची. त्यामुळे तिच्यावर स्वयंपाकघरात यायची वेळच यायची नाही. ही वेळ का येत नाही, याचा राजश्रीनं कधी विचार केला नाही. प्रत्येक परीक्षेआधी ती विमलताईंच्या पाया पडायची आणि विमलताई लांबूनच "यशस्वी हो" म्हणायच्या.

सीईटीला चार आठवडे उरले असताना लुंबिनीला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी मेसचं जेवण बंद केलं. राजश्रीला शाळा होती, विमलताईंचे गुडघे धरलेले. दुसऱ्याच दिवशी पारूबाई अर्धापूरहून एस.टी.नं आल्या, हातात एक पिशवी, बरोबर तांदूळ आणि मुगाची डाळ. बारीक बांध्याची बाई, केस घट्ट बांधलेले. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "ताई, लेकरापुरतं काही शिजवायला जागा देता का? मी शेगडी आणते पाहिजे तर, बाहेर गॅलरीत करते."

"शेगडी कशाला?" राजश्री म्हणाली. "स्वयंपाकघर आहे की. घर तुमचंच समजा."

पारूबाई सहा दिवस राहिल्या. लेकीला मऊ भात भरवायच्या, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, ती जरा सावरली की पुस्तक उघडून तिच्या हातात द्यायच्या. राजश्री शाळेतून आली की तिच्यासाठी चहा तयार असायचा. विमलताई त्या सहा दिवसांत दही-पोह्यांवर राहिल्या. पोट बरं नाही म्हणाल्या. त्यांच्या पोटाला काही झालेलं नाही हे राजश्रीला कळत होतं. तिनं विचारलं नाही.

एकदा भाजी चिरता चिरता भूकंपाचा विषय निघाला. राजश्रीचं माहेर निलंग्याकडचं. त्र्याण्णवला ती दहावीत होती.

"आमचं घर बसलंच," ती सांगत होती. "चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये होतो. एका पत्र्याखाली सगळ्या जातींचे. कोण कुणाचं हे तेव्हा कुणी विचारलं नाही, पारूबाई. आलेलं अन्न सगळ्यांनी खाल्लं. मी तर तेव्हाच शिकले."

"हाव," पारूबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीतून बी गेल्या होत्या भाकरी. मी नवी नवरी होते. दोन दिवस आम्ही बाया नुसत्या भाकरी थापून राहिलो होतो. आमचे हे ट्रकसंगं गेले होते तिकडं."

"मग त्या आम्हीच खाल्ल्या असतील."

"खाल्ल्या असतील की," पारूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

लुंबिनीचा ताप उतरला. जायच्या आदल्या दिवशी राजश्री शाळेतून आली तर स्वयंपाकघर ओळखू येईना. एक्झॉस्ट फॅनची काळी चिकट पाती पांढरी झाली होती. गॅसमागच्या टाइल्स, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरखालचा कोपरा, सगळं लख्ख. पारूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "सोडा अन् रद्दी पेपर लावला ताई. पाणी अर्धी बादलीच घेतलं, तांदळाचं धुवण बी वापरलं. तुम्ही जागा दिली, मी दुसरं काय देणार."

राजश्रीनं त्यांचे दोन्ही हात धरले. तिला त्या क्षणी पारूबाईंविषयी जे वाटलं ते अगदी खरं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

पारूबाई शुक्रवारी गेल्या. शनिवारी सकाळी विमलताई म्हणाल्या, "उद्या घर काढावं लागेल."

होळी होऊन महिनाही झाला नव्हता. नवरात्राला पाच महिने होते. घर का काढायचं हे राजश्रीनं विचारलं असतं तर विमलताईंना ते तोंडानं बोलावं लागलं असतं, आणि बोलणं त्यांनाही अवघड गेलं असतं. राजश्रीनं विचारलं नाही. ती म्हणाली, "लुंबिनीची उद्या दोनपर्यंत टेस्ट आहे. तेवढ्यात उरकू."

एवढंच. पुढे महिनोन् महिने ती हे वाक्य मनात उलटंपालटं करत राहिली. विमलताईंनी फक्त घर काढायला सांगितलं होतं. मुलगी घरात नसताना उरकायचं हे राजश्रीनं स्वतः ठरवलं होतं.

रविवारी पिंप उघडलं. शुक्रवारीच टँकर आला होता, पिंप काठोकाठ होतं. पितळेची भांडी चिंचेनं घासली, स्टीलची सगळी पुन्हा विसळली, ओटा तीनदा धुतला. लुंबिनीच्या खोलीतल्या गादीची खोळ, पांघरूण, पडदे साबणात बुडवले. विमलताई गुडघे दुखत असूनही उठल्या आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत गोमूत्र शिंपडून आल्या. नवरा राघवेंद्र पेपर वाचत होता. एकदा मान वर करून "पाणी जपून," एवढं म्हणाला.

शेवटी माठ राहिला. पारूबाई त्यातलं पाणी प्यायल्या होत्या. विमलताई माठाकडे बघून म्हणाल्या, "मातीचा आहे. त्याला घासून काय होणार." राजश्रीनं माठातलं पाणी मोरीत ओतलं. खाली रस्त्यावर त्या वेळी बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. रिकामा माठ तिनं उचलला आणि दाराबाहेर, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला.

ती वळली तर जिन्यात लुंबिनी उभी होती. अशक्तपणानं घेरी आली म्हणून सरांनी तिला टेस्ट अर्धी सोडून घरी पाठवलं होतं.

मुलीनं माठाकडे पाहिलं. उघड्या दारातून आत पाहिलं. हॉलभर पालथी पडलेली भांडी, दोरीवर निथळणारी आपली खोळ, खिडकीत गोमूत्राची बाटली. राजश्रीचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"काकू," ती हळू म्हणाली, "आईनं तर गुरुवारीच सगळं घासून दिलं होतं."

राजश्री म्हणाली, "अगं, ते आपलं... उन्हाळा आहे ना. धूळ फार येते."

लुंबिनीनं मान हलवली, जशी ती क्लासमध्ये न पटलेल्या उत्तराला हलवत असेल. चप्पल बाहेर काढली, ओल्या फरशीवरून कडेकडेनं पाय टाकत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ती रडत असेल म्हणून राजश्रीनं दाराला कान लावला. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर लुंबिनीनं बाटली भरून घेतली नाही. क्लासमधूनच पाणी आणायची. ताप असताना घेतलेला ग्लास धुऊन तिनं ओट्याच्या कडेला ठेवला आणि परत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. बोलणं मात्र तसंच राहिलं, हो काकू, येते काकू, आले काकू. राजश्री तिच्या दारात खिचडी घेऊन दोनदा गेली. "मेसचं चालतं आता," असं दोन्ही वेळा उत्तर आलं, अदबीनं.

शाळेत मुलांना कडकडून भूक लागायच्या वेळेला राजश्रीला शेडमधल्या भाकरी आठवायच्या. कापडात बांधून आलेल्या, वरून कडक, आत जरा ओलसर, लाल चटणी लावलेल्या. त्या कुणाच्या हातच्या हे तेव्हा तिच्या आईनंही विचारलं नव्हतं. भुकेपुढे काही विचारायचं नसतं हेच ती तेव्हा शिकली होती, दुसरं काही नाही. आणि त्याचीच गोष्ट ती तेवीस वर्षं लोकांना मोठेपणानं सांगत आली होती.

परीक्षा झाल्यावर लिंबाजी लेकीला न्यायला आले. खांद्यावर केळीचा घड होता, अर्धापूरचा. तो हॉलमध्ये ठेवून त्यांनी राजश्रीला हात जोडले.

"मॅडम, तुमच्यामुळं पोरगी आजारातून उठून पेपर देऊ शकली. पारू तर तुमचं नाव काढून राहिली."

राजश्रीनं लुंबिनीकडे पाहिलं. ती बॅगेची चेन लावत होती. निघताना ती विमलताईंच्या पाया पडली नाही. "येते आजी," म्हणाली आणि खाली उतरली. घड तीन दिवस तसाच पडून होता. विमलताई त्याला हात लावीनात. राजश्रीनं त्यातली केळी एकटीनं खाल्ली, काळी पडेपर्यंत, पोट नको म्हणत असतानाही.

जूनमध्ये ती नांदेडला एका लग्नाला जाते असं सांगून निघाली आणि पुढची एस.टी. धरून अर्धापूरला उतरली. पारूबाई नुकत्याच अंगणवाडीतून आल्या होत्या. तिला दारात पाहून त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "या," म्हणाल्या. पाणी दिलं, चहा टाकला. लुंबिनी फॉर्मच्या कामाला नांदेडला गेली होती.

"पारूबाई, मी ते... आईंचं वय झालंय, त्यांच्या मनात..." राजश्री बोलता बोलता थांबली. कप खाली ठेवला. "नाही. मी केलं. माझ्या हातांनी केलं. माठ मीच बाहेर ठेवला."

"मला ठाव हाय," पारूबाई म्हणाल्या. "लेकीनं त्याच दिवशी फोन केला होता."

"लिंबाजी तर केळी घेऊन..."

"त्यांना न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी पोरीला घेऊन आले असते, अन् वर्ष गेलं असतं. मी लेकीला म्हटलं, वीस दिवस गिळ. तिनं गिळलं." पारूबाईंचा आवाज चढला नाही. "सहा दिवस तुमच्या घरात होते ताई. त्या सहा दिवसांत तुम्ही मला वाईट वागवलं न्हाई. म्हणूनच लई लागलं."

"मला माफ करा."

पारूबाईंनी तिचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही इतक्या लांब आलात, चहा घेतला, चांगलं झालं. पण माफीचं लेकीला विचारा. तिचं तिला ठरवू द्या. अन् आजच विचारू नका, तिचं नंबर लागायचं चालू हाय. मी तिला तुम्ही आल्याचं बी सांगणार न्हाई."

त्यांनी जेवायला थांबायला सांगितलं. राजश्री थांबली. ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. दोघींनी समोरासमोर बसून जेवण केलं, आणि पारूबाईंनी अंगणवाडीतल्या पोरांबद्दल काहीबाही सांगितलं. हसण्यासारखं बरंच होतं त्यात, पण राजश्रीला हसावं की नाही हे कळेना.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. विमलताई हॉलमध्ये वाती वळत होत्या.

"लग्न कसं झालं?"

"लग्न नव्हतं, आई. अर्धापूरला गेले होते. पारूबाईंकडे. जेवून आले."

विमलताईंची बोटं थांबली. त्यांनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नजर वातीवर नेत म्हणाल्या, "आंघोळ करून घे आधी. पाणी तापवते."

राजश्री तशीच, प्रवासाच्या साडीनिशी, स्वयंपाकघरात गेली, हात धुतले आणि रात्रीचा भात टाकायला तांदूळ काढले. मागून विमलताईंची हाक आली नाही. तांदूळ निवडताना तिच्या लक्षात आलं, आपण हे दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं, मुलगी घरात असताना, तिच्या डोळ्यांदेखत. आता हे बघायला घरात विमलताईंशिवाय कुणी नव्हतं.