पाचवीचा कागद

ही गोष्ट २०१८ सालची, मार्गशीर्षातली. माझी भाची वर्षाली निगडीला माझ्याच घरी बाळंत झाली होती. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आधीच गेलेली. त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मी. सासर रावेतचं, मूळचं शेतकऱ्याचं. जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, पण रीतभात जुनीच. मुलगी झाली. पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेला वर्षालीच्या सासूबाई विजयश्री आणि आजेसासू गोजाबाई मुक्कामालाच आल्या.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवायचं. सकाळी कागद कोराच असतो, कारण तिचं अक्षर माणसाला दिसत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सकाळी सगळे एकदा कागदाकडे बघतातच.

कागद-पेनाचा विषय निघाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघणं साहजिक होतं. मी पिंपरीच्या एका कंपनीत ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीने ड्रॉइंग करायचे आणि आम्ही बायका त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून शाईने रेघा ओढायच्या. चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची, तीही कागदाला भोक न पाडता. जाड रेघेचं पेन वेगळं, बारीक रेघेचं वेगळं. माझ्या पेनाला दुसरीने हात लावला की आमची आठवडाभर बोलाचाली बंद. पुढे कॉम्प्युटर आले, आम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, आणि ती पेनं कुठे गेली हे कुणी विचारलंही नाही. मला अजून त्या ओल्या काळ्या शाईचा वास मधूनच येतो.

घरी मात्र माझं स्वतःचं एक पेन होतं, वडिलांनी मॅट्रिकला घेऊन दिलेलं. काळ्या एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं. त्यात मी निळी-काळी शाईच घालते. लिहिताना ती निळी दिसते, वाळली की काळपट होते, आणि मग पाण्याने सहजी जात नाही.

विजयश्रीबाईंनी येताना नवा बॉलपेन आणला होता. गोजाबाईंनी तो बोटांत फिरवून परत दिला.

"शाईचा ठिवा. ह्यो दाबून लिवावा लागतो. सटवाई काय तरणी हाय व्हय?"

सगळे हसले. मी माझं पेन भरून दिलं, जाड गुळगुळीत कागद काढून दिला. टोपण काढूनच ठेवायचं असं ठरलं, देवीला आटे फिरवत बसायला लागू नये म्हणून. पाटा-वरवंटा बाळंतिणीच्या खोलीतच मांडला होता. थंडी होती, म्हणून विजयश्रीबाईंनी झोपण्यापूर्वी शेकाची शेगडी पाट्याकडे सरकवली. देवीलाही ऊब मिळेल, म्हणाल्या.

सकाळी मी चहा ठेवत होते. विजयश्रीबाई पूजा आवरायला गेल्या त्या परत येईनात, म्हणून आत डोकावले. त्या पाट्यासमोर उभ्या होत्या. कागदाच्या मधोमध तळहाताएवढा काळा डाग पडला होता. एक ओघळ कडेपर्यंत जाऊन खाली हळदीत उतरला होता.

पेन आडवं पडलंय, शेगडी जवळ आहे, उबेने आतली हवा फुगली आणि तिने शाई बाहेर ढकलली, हे मला कळत होतं. असली पेनं हे करतात. तरी अंगावर काटा आला तो आलाच.

तेवढ्यात वर्षाली उठली. तिने कागद उचलला, बघितला, हातातून सोडला आणि घाबरून लेकीला छातीशी धरलं. बाळाच्या कपाळावर तिचं शाईचं बोट टेकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विजयश्रीबाईंनी पाहिला तो फक्त तिथे उमटलेला डाग.

"कपाळावर," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

मी शेगडी दाखवली. वर्षालीचं शाईने भरलेलं बोट धरून दाखवलं. विजयश्रीबाई मान डोलावत होत्या, पण नजर बाळावरून हलत नव्हती. मग त्यांनी मुलाला, रविराजला, फोन लावला.

रविराज चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. केसाएवढा ओरखडा दिसला तरी तो माल परत पाठवतो. तो पहिली शिफ्ट अर्धी टाकून आला, तेव्हा मला धीर आला. हा तरी ऐकेल. त्याने ऐकलंही. कागद उन्हात धरून बघितला, पेनाचे आटे तपासले, मला दोन प्रश्नही विचारले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, तुमचं बरोबर आहे. पण बारसं आत्ता नको. आई गावच्या भगताला विचारून येईल. तोवर या दोघी इथंच राहू देत."

पाच दिवसांच्या लेकीला बापाच्या घरी जायला भगताची परवानगी, आणि हे सांगणारा कोण, तर रविराज.

आतून बाळाचं रडणं आलं. मी धावले, मागोमाग रविराज आणि विजयश्रीबाईही. वर्षाली तेलात भिजवलेल्या कापसाने तिचं कपाळ घासत होती. डाग फिका झाला होता, भोवतीची कातडी लालभडक. मी तिचा हात धरला तर तो थांबेचना. "जात नाही गं मावशी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तेव्हा खाटेवरून गोजाबाईंनी कागद मागितला. इतका वेळ त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी तो मांडीवर घेतला. डाग मधोमध अजून ओला होता. त्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"माजी पाच झाली," त्या म्हणाल्या. "पाची येळंला कागूद ठिवला. सकाळी कोरा. सासू म्हनायची, आपल्याला दिसत न्हाई. म्या म्हनायची, बरं. त्यातली दोन गेली. एक पाळन्यात, एक हातातोंडाशी आल्यावर. कुनाला बोलली न्हाई मी, पर मला ठावं हाय. ती आलीच न्हाई आमच्याकडं. कोरा म्हंजी कोराच."

विजयश्रीबाईंनी हळूच विचारलं, "आत्या, ह्यांच्या वेळंला पण?"

"तुज्या नवऱ्याचं कुनी काय लिवलं आसतं, तर आसा आसता व्हय त्यो?"

विजयश्रीबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. गोजाबाईंनी शाईचं बोट रविराजपुढे धरलं.

"हितं ती आली. समदी शाई सपंपातुर लिवलं. आन् तू भगताला इचारतोस? बाराव्या दिशी पोरगी रावेतला आली पायजे. न्हाई तर मी पन हितंच ऱ्हाते."

इतकी वर्षं गिळून ठेवलेलं दुःख बाईने चारचौघांत मांडलं, तेही परक्या घरात. आणि मी दोन तास हवेचं आणि उबेचं समजावत बसले होते. त्यांच्या बोलण्याला धक्का लागेल असं एक अक्षरही मला आता बोलायचं नव्हतं.

बाराव्या दिवशी रावेतला बारसं झालं. नाव दिव्या ठेवलं.

गोजाबाई त्यानंतर दीड वर्षाने झोपेतच गेल्या. रविराज अजून चाकणलाच आहे, हाताखाली माणसं आहेत. त्या सकाळचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, पण मला भेटला की वाकून नमस्कार करतो आणि पटकन निघून जातो. वर्षालीने घरीच चित्रकलेचे वर्ग सुरू केले आहेत. दिव्या शाळेत जाते, वर्गात बोलते फार म्हणून तिची तक्रार येते. मला आता बारीक दिसत नाही; जाड निबाने चार ओळी लिहिते आणि थांबते.

वर्षालीला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा पाचवीची मांडणी विजयश्रीबाईंनी स्वतः केली. शाईचं पेन, उघडं, शेगडीला लागून. सकाळी कागद स्वच्छ कोरा. त्यांनी तो उलटून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि कुणाला न दाखवता देवांच्या मागे ठेवून दिला. तेव्हापासून त्या नातवाचे नातीपेक्षा जास्त लाड करतात. वर्षाली कुरकुरली, तर म्हणाल्या, त्याचं त्यालाच करावं लागणार आहे सगळं.